'विद्यापीठीय संशोधनाने सिद्ध' असं कुणी म्हणालं, तर प्रबंध कसा तपासायचा

जून उजाडला की शाळेच्या ऑफिसात माहितीपत्रकांचा ढीग साचायला लागतो. वाचनाचं ॲप, अबॅकस, मेंदूआधारित अध्ययन, गणिताची पेटी. दर दुसऱ्या पत्रकावर एक ओळ असतेच: 'विद्यापीठीय संशोधनाने सिद्ध'. मी ठाण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेच्या समितीवर आहे आणि ही ओळ दिसली की कागद माझ्याकडे सरकवले जातात. कारण एवढंच, की नोकरीची सगळी वर्षं मी तुर्भ्याला एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये काढली आणि मला तक्ते वाचायचा कंटाळा येत नाही. शिक्षणशास्त्रातली पदवी माझ्याकडे नाही. बॅचचा अहवाल हातात आला की आधी नमुना कसा काढला आणि यंत्राचं कॅलिब्रेशन कधी झालं ते बघायचं, सह्या-शिक्के सगळ्यात शेवटी. तीच सवय मी प्रबंधाला लावली.

हे लिहिलंय ते शिक्षकांसाठी, मुख्याध्यापकांसाठी आणि माझ्यासारख्या समितीवरच्या लोकांसाठी. कॅल्क्युलेटर आणि एक मोकळी दुपार लागेल.

मूळ कागद मागा

विक्रेता देतो तो दोन पानी सारांश किंवा वर्तमानपत्राचं कात्रण. ते बाजूला ठेवा. विद्यापीठ, वर्ष आणि प्रबंधाचं पूर्ण नाव विचारा. हे सांगता येत नसेल तर पुढे वाचायची गरजच नाही.

नाव मिळालं की शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर जा. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र हा साठा चालवतं आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २००९ च्या नियमांपासून पीएच.डी.चे प्रबंध तिथे जमा होऊ लागले. प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ असते, कुणाची परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत. मराठी प्रबंध शोधताना नाव देवनागरीत टाकून बघा आणि रोमन लिपीतही, कारण नोंद करणाऱ्याने कुठलं रूप वापरलंय याचा भरवसा नसतो. एम.एड.चे लघुप्रबंध तिथे सहसा मिळत नाहीत, त्यासाठी त्या त्या कॉलेजचं ग्रंथालय गाठावं लागतं.

तिथे आहातच तर एक गंमत करून बघा. त्याच मार्गदर्शकाकडे झालेले इतर प्रबंध उघडा. कधी कधी तीन-चार प्रबंधांची शीर्षकं अशी दिसतात, की विषय 'भूगोल'चा 'विज्ञान' झालाय, तालुका 'कल्याण'चा 'भिवंडी' झालाय, बाकी सगळं जागच्या जागी. निष्कर्षही जागच्या जागी. असं दिसलं की समजायचं, इथे प्रश्न कुणाला पडलेला नव्हता, साचा मिळालेला होता.

यादी, इम्पॅक्ट फॅक्टर वगैरे

यावर फार वेळ घालवू नका. 'मान्यताप्राप्त नियतकालिकात प्रसिद्ध' या शब्दांचं वजन किती, ते यूजीसीनेच दाखवून दिलंय: मे २०१८ मध्ये आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. मग यूजीसीचीच निवडक नियतकालिकांची केअर यादी आली, तीही २०२५ च्या सुरुवातीला बंद झाली. २०१६ च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्याआधी किमान एक शोधनिबंध छापून आणणं सक्तीचं होतं, २०२२ च्या नियमांनी ती सक्ती काढली. म्हणून त्या मधल्या वर्षांतला एखादा निबंध समोर आला, तर तो सांगण्यासारखं काही होतं म्हणून छापला की नियम होता म्हणून, हे यादी सांगणार नाही. वाचूनच कळेल.

वाचनाला पर्याय नाही हे काही माझंच म्हणणं नाही. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचं राष्ट्रीय मूल्यमापन १९८६ पासून चाललंय आणि निधी त्यावर ठरतो. २०२१ च्या फेरीत शिक्षणशास्त्राच्या परीक्षक मंडळाने कोणता लेख कितीदा उद्धृत झाला ही आकडेवारी वापरली नाही, आणि नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातले लेख सरासरी किती उद्धृत होतात तो आकडा) तर कुठल्याच विषयाला चालत नव्हता. नावीन्य, महत्त्व आणि काटेकोरपणा या तीन कसोट्यांवर लेख जोखून त्यांना एक ते चार तारे दिले गेले. त्या पद्धतीवर तिथले प्राध्यापकही भरपूर कुरकुरतात, पण कसोट्या कामाच्या आहेत. आपण शाळेसाठी वाचतो, तेव्हा त्यातली शेवटची सगळ्यात आधी घ्यायची.

तिसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करा

आपल्याकडच्या प्रबंधांची रचना जवळजवळ ठरलेली आहे. पहिलं प्रकरण प्रस्तावना, त्यात वेद-उपनिषदांपासून कोठारी आयोगापर्यंत सगळं येतं. दुसरं संबंधित साहित्याचा आढावा. तिसरं संशोधन पद्धती, चौथं सामग्रीचं विश्लेषण, पाचवं निष्कर्ष आणि शिफारशी. बहुतेक लोक पाचवं वाचतात. तुम्ही तिसरं उघडा आणि पेन्सिल घेऊन बसा.

पहिला प्रश्न: तुलना कुणाशी? समजा विषय आहे 'आठवीच्या विद्यार्थ्यांच्या गणितातील संपादणुकीवर ज्ञानरचनावादी अध्यापनाचा परिणाम', म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकायच्या पद्धतीने मार्क वाढतात का. एकाच तुकडीला पूर्वचाचणी दिली, दहा तासिका शिकवलं, उत्तरचाचणी दिली आणि मार्क वाढले. वाढणारच! दहा तासिका कुणीही काहीही शिकवलं तरी मुलं काहीतरी शिकतात. ज्यांना नेहमीच्या पद्धतीने तोच घटक तेवढाच वेळ शिकवला, असा दुसरा गट नसेल, तर त्या प्रबंधातून पद्धतीबद्दल काहीच कळत नाही.

दुसरा गट असेल तर तो कसा निवडला ते बघा. 'आठवी अ प्रायोगिक गट, आठवी ब नियंत्रित गट' असं लिहिलेलं असतं. ठाण्यातल्या कुठल्याही शाळेत विचारा, अ आणि ब मध्ये मुलं कशी वाटलेली असतात. काही ठिकाणी सेमी-इंग्रजीची अ तुकडी, ब पूर्ण मराठी. काही ठिकाणी वर्गशिक्षकांच्या आग्रहावर. शिवाय अ ला शिकवणार खुद्द संशोधक, नव्या उत्साहाने, तक्ते आणि साहित्य घेऊन, आणि ब ला शिकवणार नेहमीचे सर, ज्यांना त्याच आठवड्यात निवडणुकीचं कामही लागलेलं आहे. फरक पद्धतीचा की माणसाचा? अशा अभ्यासात मुलं ऐंशी असली तरी तुलना झाली ती दोन वर्गांची. दोन्ही गटांना एकाच शिक्षकाने शिकवलं असेल, किंवा बऱ्याच शाळा घेऊन कुठल्या शाळेत काय करायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं असेल, तर मी खुर्ची पुढे ओढून वाचते.

दुसरा प्रश्न: चाचणी कुणाची? हा माझा आवडता प्रश्न, कारण बहुतेक वेळा सगळं इथेच सुटतं. संशोधकाने पद्धत बनवली, त्यानेच शिकवलं, त्यानेच प्रश्नपत्रिका काढली आणि त्यानेच तपासली. परिशिष्टात प्रश्नपत्रिका असते, ती आणि पाठाचं टाचण शेजारी शेजारी ठेवा. ज्या उदाहरणांनी शिकवलं तीच आकडे बदलून विचारलेली दिसली, तर प्रायोगिक गटाला पेपर आधीच माहीत होता असं धरा. संशोधकाने स्वतः बनवलेल्या चाचणीवर परिणाम बाहेरच्या चाचणीपेक्षा बराच मोठा दिसतो, असं शेकडो अभ्यासांवरून चेउंग आणि स्लाव्हिन या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलंय. चाचणीची विश्वसनीयता म्हणून क्रॉनबाख अल्फाचा आकडा दिलेला असतो. तो चांगला असला तरी त्याचा अर्थ फक्त प्रश्न एकमेकांशी जुळतात इतकाच. ते जे मोजायला हवं ते मोजतात का, ही सप्रमाणता वेगळी. 'तज्ज्ञांकडून सप्रमाणता तपासून घेतली' या वाक्यातले तज्ज्ञ कोण आणि त्यांनी काय बदल सुचवले, हे लिहिलेलं असेल तर संशोधक गंभीर आहे.

उत्तरचाचणी कधी घेतली तेही बघा. शेवटच्या तासिकेच्या दुसऱ्या दिवशी घेतली असेल तर तो पाठांतराचा ताजेपणा. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा घेतली असेल तर उत्तम, पण असं क्वचितच सापडतं.

३८४ चं कोडं

सर्वेक्षणाचा प्रबंध असेल तर नमुन्याची संख्या बघा. ३८४ आढळण्याची शक्यता बरीच. हा आकडा क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातून येतो. लोकसंख्या लाखाच्या घरात गेली की तक्त्याचं उत्तर ३८४ वर येऊन थांबतं. पण तो तक्ता यादृच्छिक नमुन्यासाठी आहे, म्हणजे प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखीच संधी असेल तेव्हा. आणि प्रबंधात केलेलं काय असतं? शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुगल फॉर्म टाकला आणि ३८४ उत्तरं आली की बंद केला. ज्यांना फॉर्म भरायचा उत्साह होता असे ते ३८४. त्यांच्यावरून 'ठाणे जिल्ह्यातील शिक्षकांचा दृष्टिकोन सकारात्मक आहे' असं लिहायचं म्हणजे फारच झालं.

'ठाणे जिल्हा' हे शब्दही तारीख बघून वाचायचे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या प्रबंधातला ठाणे जिल्हा म्हणजे जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरीही. त्यातले आदिवासी विद्यार्थ्यांबद्दलचे निष्कर्ष आजच्या ठाण्याला, मुरबाड-शहापूर सोडून, कुठे लावणार? 'नवी मुंबई'चंही तसंच. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर-कामोठे-पनवेल रायगडमध्ये. नमुन्यातल्या शाळा नेमक्या कुठल्या बाजूच्या, महापालिकेच्या की खाजगी, अनुदानित की विनाअनुदानित, हा तक्ता प्रबंधात नसेल तर निष्कर्ष कुणाला लागू हे ठरवता येत नाही. आमच्या शाळेत दिव्याहून आणि कळव्याहून लोकलने येणारी मुलं आहेत. वाशीच्या आंतरराष्ट्रीय शाळेत काय चाललं, त्याने आमचं काही ठरत नाही.

सामग्री कधी गोळा केली तेही बघा. मार्च २०२० नंतर शाळा बंद होत्या, त्या काळातल्या 'उपस्थिती'च्या आकड्यांना काय अर्थ?

आता कॅल्क्युलेटर

चौथ्या प्रकरणात तक्ते. सरासरी, प्रमाण विचलन (मार्क सरासरीभोवती किती पसरलेत), टी-मूल्य (गटांतला फरक योगायोगाच्या मानाने किती मोठा), स्वाधीनता मात्रा, आणि खाली वाक्य: 'शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येतो', म्हणजे 'फरक नाही' हे गृहीतक नाकारलं. घाबरू नका. चार गोष्टी तपासायला दहावीचं गणित पुरतं.

स्वाधीनता मात्रा म्हणजे दोन्ही गटांतली मुलं मिळून वजा दोन. तिसऱ्या प्रकरणात चाळीस आणि चाळीस मुलं लिहिली असतील तर तक्त्यात ७८ हवेत. ६९ दिसले तर नऊ मुलं गळाली. कोणती गळाली? उत्तरचाचणीच्या दिवशी न आलेली मुलं बहुधा कच्चीच असतात. हे प्रबंधात कुठे सांगितलंय का शोधा.

सरासरीचा आकडा शक्य आहे का तेही बघता येतं. पंचवीस मुलं आणि पूर्ण मार्क असतील तर सरासरी ०.०४ च्या पटीतच येणार. १६.३२ येईल, १६.३६ येईल, १६.३३ येऊच शकत नाही. अर्धे मार्क दिले असले तरी नाही. निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स यांनी ही युक्ती 'ग्रिम' नावाने प्रसिद्ध केली. एखाद्या ठिकाणी असं सापडलं तर टंकलेखनाची चूक म्हणा, तक्त्यामागून तक्ता तसाच निघाला तर प्रबंध मिटवा.

फरक 'सार्थक' आहे, म्हणजे निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता कमी आहे; तो मोठा आहे असं नाही. पंचवीस मार्कांची चाचणी, प्रमाण विचलन ४, दोन गटांतला फरक १.२ मार्क. प्रत्येक गटात ४० मुलं असतील तर टी-मूल्य साधारण १.३४ येतं, सार्थक नाही. तोच फरक २०० मुलांच्या दोन गटांत आला तर टी-मूल्य ३, झकास सार्थक. आणि हजार-हजार मुलं घेतलीत तर ०.४ मार्कांचा फरकही सार्थक ठरतो. म्हणून फरकाला प्रमाण विचलनाने भागा. १.२ भागिले ४ म्हणजे ०.३. याला परिणाम आकार म्हणतात. प्रबंधात तो दिला नसला तरी तुम्हाला दहा सेकंदांत काढता येतो, आणि समितीत बोलताना टी-मूल्यापेक्षा हाच कामाला येतो.

शून्य परिकल्पना किती तपासल्या तेही मोजा. मुलगे-मुली, मराठी-इंग्रजी माध्यम, शहरी-ग्रामीण, एकत्र-विभक्त कुटुंब. अशा वीस तपासल्या तर प्रत्यक्षात कुठलाच फरक नसतानाही ०.०५ पातळीवर (शंभरात पाच योगायोग चालवून घेऊन) सरासरी एक केवळ योगायोगाने 'सार्थक' निघते. आणि माहितीपत्रकावर येते ती नेमकी तीच.

चांगला अभ्यास कसा दिसतो

फार लांब जायला नको. मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांमध्ये 'प्रथम' संस्थेने बालसखी चालवलं होतं. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वस्तीतलीच शिकलेली मुलगी रोज दोन तास वेगळं बसवून वाचन आणि गणिताचा पाया शिकवायची. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी त्याचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. ही मंडळी अर्थशास्त्रज्ञ, पण आपल्या शिक्षणशास्त्र विभागांनी हा अभ्यास समोर ठेवून शिकवायला हवं असं माझं मत. शाळा यादृच्छिकपणे वाटल्या होत्या. काही शाळांत बालसखी तिसरीला, काहींत चौथीला, त्यामुळे प्रत्येक शाळेला काहीतरी मिळालं आणि तुलनाही झाली. दुसऱ्या वर्षाअखेर सरासरी ०.२८ प्रमाण विचलन इतकी वाढ, म्हणजे परिणाम आकार ०.२८, आणि ती मुख्यतः मागच्या बाकावरच्या मुलांमध्ये. आणि मग त्यांनी तेही छापलं, जे माहितीपत्रक कधीच छापणार नाही: कार्यक्रम संपल्यावर एका वर्षाने ती वाढ ओसरून साधारण ०.१० वर आली.

हा ०.२८ माझ्या डोक्यात मापाच्या पट्टीसारखा आहे. रोज दोन तास, वेगळी शिक्षिका, मोठा अभ्यास, तेव्हा ०.२८. कुणी दहा तासिकांत १.५ दाखवलं की मला आनंद होत नाही, मी परत परिशिष्टातली प्रश्नपत्रिका काढते.

दुसऱ्या कुणी तोच प्रयोग करून पाहिलाय का, हाही प्रश्न विचारा, पण उत्तर 'नाही' आलं तर दचकू नका. शिक्षणाच्या शंभर प्रमुख नियतकालिकांतल्या लेखांमध्ये पुनरावृत्तीचे अभ्यास जेमतेम ०.१३ टक्के होते, असं मेकल आणि प्लकर यांनी २०१४ मध्ये मोजलं. मूळ संशोधकच पुनरावृत्तीत सामील नसले, की ती यशस्वी होण्याचं प्रमाणही घटतं.

'दृश्य, श्राव्य, कृतिशील' अशा अध्ययनशैलींवर काही विकायला आलं तर मी आता वाचतही नाही. ते खरं ठरायला दृश्य शैलीची मुलं चित्रांनी आणि श्राव्य शैलीची मुलं ऐकून जास्त शिकतात, असं दोन्ही बाजूंनी दिसायला हवं. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अभ्यास चाळले, तेव्हा असा पुरावा जवळजवळ मिळालाच नाही.

मुलाखतींचा प्रबंध

आकडे नाहीत म्हणून हलका समजू नका. शाळा का सुटते, मुली आठवीनंतर का थांबतात, हे टी-मूल्याने कळणार नाही. मात्र इथे फसवणूक पकडायची रीत वेगळी. मुलाखत कुठे झाली? मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये, ते समोर बसलेले असताना शिक्षकाने दिलेलं उत्तर काय किमतीचं? संशोधक त्या भागाचा विस्तार अधिकारी, म्हणजे शाळा तपासणारा अधिकारी, असेल तर त्याने तसं सांगितलंय का? आणि लोकांचं बोलणं जसंच्या तसं दिलंय का? शहापूरच्या पाड्यावरची आई प्रबंधात 'पाल्याच्या सर्वांगीण विकासाबाबत मी समाधानी आहे' असं बोलत असेल, तर ते वाक्य तिचं नाही. चांगल्या प्रबंधात माणसं एकमेकांसारखी बोलत नाहीत, आणि संशोधकाच्या मताविरुद्ध जाणारा निदान एक माणूस तरी असतो, ज्याचं म्हणणं खोडून न काढता मांडलेलं असतं.

वाचायची सवय लावायला मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र जवळचं. वाशीचा खाडीपूल ओलांडला की आलंच. गणित आणि विज्ञान शिकण्यावर तिथल्या लोकांचं संशोधन वाचा, मुलांच्या चुका किती बारकाईने टिपतात ते बघा.

पाचव्या प्रकरणातल्या शिफारशींना एकच कसोटी लावते: हे वाक्य संशोधन न करता लिहिता आलं असतं का? 'शासनाने शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे', 'पालकांनी पाल्याकडे लक्ष द्यावे'. असल्या ओळी पेन्सिलने खोडत गेलं की उरतं ते संशोधन. काही प्रबंधांत पान कोरं होतं.

अर्धा पटला तर

बहुतेक कागद या मधल्या खणात पडतात: कल्पना बरी, पुरावा लंगडा. तेव्हा आम्ही विकत घेण्याआधी शाळेतच करून बघतो. संशोधकाला ईमेल करून मूळ चाचणी मागवतो. बहुतेक जण देतात, आपला प्रबंध कुणी वाचला याचंच त्यांना अप्रूप असतं. पाचवीच्या दोन्ही तुकड्यांतली मुलं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटायची, तुकड्या तशाच वापरायच्या नाहीत. दोन्ही गटांना तोच शिक्षक, तितकाच वेळ. पेपर दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने काढायचा आणि तपासताना त्याला नावं दिसू द्यायची नाहीत, फक्त क्रमांक. एक चाचणी सहामाहीआधी, दुसरी दिवाळीच्या सुट्टीनंतर. गैरहजर मुलांची नावं वेगळी लिहून ठेवायची आणि त्यांची चाचणी त्याच आठवड्यात उरकायची. या एवढ्यावर सिद्ध काही होत नाही, पण पैसे द्यायचे की नाही ते ठरतं, आणि कंपनीशी बोलणी दिवाळीनंतरच्या मार्कांवर करायची हे आधीच लेखी घ्यायचं.